मोटारीचा परवाना, वैद्याचा दाखला आणि न्यायासन

वर्ध्याच्या जुन्या मंडळींत जमनालाल बजाज यांच्या फोर्ड मोटारीची एक आठवण सांगतात. त्या मोटारीला यंत्राऐवजीं बैल जोडण्यांत आले, आणि तें अपूर्व वाहन पाहून गांधीजींनीं थट्टेनें तिला 'ऑक्स-फोर्ड' असें नांव दिलें. ती हांकणाऱ्या माणसाजवळ परवाना होता काय, त्याचे डोळे कोणी तपासले होते काय, असले प्रश्न कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. बैलांना रस्ता दिसत होता, तेवढें पुरें होतें. तेंच यंत्र धडधडत असतें तर मात्र त्या माणसाचे डोळे, कान, काळीज आणि मेंदू या सर्वांची सरकारदरबारीं चौकशी झाली असती. ही चौकशी कशी सुरू झाली, तिच्यांत नापास ठरलेल्या माणसाला दाद मागावयास जागा होती कीं नाहीं, आणि पुढें न्यायालयांनीं तिला कोणतें वळण लावलें, ही कहाणी वरवर रुक्ष वाटली तरी तिच्यांत अनेकांच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला आहे.

गाडी हांकणें आणि दुखणें यांची सांगड मोटारीच्याहि आधींची आहे. १८९८ सालीं हिंदुस्थान सरकारनें महारोग्यांसंबंधीं एक कायदा केला. तो ज्या भागास लागू होई त्या भागांत महारोग्यानें खाण्यापिण्याचे जिन्नस विक्रीसाठीं स्वतः तयार करूं नयेत, सार्वजनिक विहिरीवर वा तळ्यावर स्नान करूं नये, आणि आगगाडी सोडून भाड्याचें कोणतेंहि सार्वजनिक वाहन हांकूं नये, किंबहुना त्यांत बसूंहि नये, असा हुकूम काढण्याचा अधिकार त्या कायद्यानें प्रांतिक सरकारास दिला होता. टांगेवाल्याचा हात लगामावर घट्ट बसतो कीं नाहीं, हा प्रश्न त्या कायद्यानें विचारला नाहीं. रोगाचें नांव उच्चारलें कीं निकाल झाला! हा कायदा पुस्तकांतून निघून जावयास २०१६ साल उजाडावें लागलें.

वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट इतर जिल्ह्यांहून अधिक जवळची आहे. १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें महारोग्यांच्या सेवेचें कार्य आरंभिलें. पुढें थोड्याच वर्षांत संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री हा रोग अंगीं घेऊन सेवाग्रामला आले, आणि गांधीजींनीं स्वतःच्या हातांनीं त्यांची शुश्रूषा केली. १९५१ मध्यें स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचें ठाणेंहि वर्ध्यासच आहे. रोगाचें नांव ही एक गोष्ट आणि त्या रोग्याच्या अंगीं उरलेली शक्ति ही दुसरी, हा भेद दत्तपूरच्या शेतांत काम करणारे हात पाहून कोणाच्याहि ध्यानांत यावा. कायद्याच्या पुस्तकांत तो उमटावयास मात्र फार काळ लागला. मोटारीच्या परवान्याचा इतिहास म्हणजे बहुतांशीं हा भेद उमटण्याचाच इतिहास होय.

मोटारींसंबंधींचा १९१४ चा पहिला अखिल हिंदुस्थानी कायदा त्रोटक होता. त्याच्या जागीं १९३९ चा विस्तृत कायदा आला, तेव्हां वर्धा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतांत मोडत असे. या कायद्यास एक अनुसूची जोडलेली होती, आणि परवान्याच्या अर्जाचा नमुनाहि ठरवून दिलेला होता. अपस्मार, म्हणजे आपण ज्यास फेंफरें वा मिरगी म्हणतों तो विकार, वेड, अकस्मात् घेरी आणणारा हृद्रोग, मोटारीचा भोंगा ऐकूं येऊं नये इतकें बहिरेपण, रातांधळेपणा, तांबडा व हिरवा रंग ओळखतां न येणें, या साऱ्यांची विचारपूस तेथें होती. दृष्टीची कसोटी तर मोठी नेमकी होती. लख्ख उजेडांत पंचवीस यार्डांवरून, काळ्या पाटीवरील पांढरीं सात अक्षरें व आंकडे, चष्मा असल्यास तो लावून, प्रत्येक डोळ्यानें वाचतां आलीं पाहिजेत. पाटीचा आकार मोटारीच्या क्रमांकाच्या पाटीएवढाच.

या कायद्यानें अपात्र माणसांचे दोन वर्ग केले होते, आणि सगळी मेख तेथेंच होती. ज्याचें व्यंग अनुसूचींत नाहीं, उदाहरणार्थ ज्याचा एक पाय अधू आहे, त्याला 'माझी परीक्षा घ्या' असें म्हणण्याचा हक्क होता. विशिष्ट बांधणीची मोटार आपण नीट चालवूं शकतों हें त्यानें अधिकाऱ्यासमोर चालवून दाखविलें, तर त्यास परवाना देणें अधिकाऱ्यास भाग होतें. परंतु ज्याच्या दुखण्याचें नांव अनुसूचींत छापलेलें होतें त्याला हा हक्क नव्हता. तो कितीहि सफाईनें मोटार चालवीत असो, ती पाहण्याचें कारण अधिकाऱ्यास उरत नसे. पहिल्याचें शरीर तपासलें जाई, दुसऱ्याचें दुखणें केवळ वाचलें जाई.

आणखी एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. स्वतःची मोटार स्वतः चालविणाऱ्या सद्गृहस्थानें आपण निरोगी आहों असें अर्जावर लिहून दिलें म्हणजे सामान्यतः काम भागे. पगारी ड्रायव्हरास आणि भाड्याची गाडी चालविणारास मात्र नोंदलेल्या वैद्याचा दाखला जोडावा लागे. सार्वजनिक वाहनांत अनेकांचे जीव असतात, तेव्हां त्याच्या चालकाची कसोटी कडक असावी, हें रास्तच आहे. परंतु मालकाच्या मोटारीपुढें येणारें लेंकरूं आणि नोकराच्या मोटारीपुढें येणारें लेंकरूं यांत फरक तो कोणता? मालक आपल्या डोळ्यांविषयीं खरें सांगेल हें गृहीत, आणि नोकर खोटें सांगेल हेंहि गृहीत, असाच त्या तरतुदीचा ध्वनि होता.

यादींतील तांबड्या-हिरव्याच्या अटीचा उगम कोठें झाला, हें पाहण्यासारखें आहे. ती अट लोहमार्गावरून रस्त्यावर उतरली. मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग १८६७ मध्यें पुरा झाला आणि वर्धा हें त्यावरील ठाणें बनलें. पुढें हिंगणघाट-बल्लारपुराकडील फांटा मद्रासच्या वाटेला मिळाल्यावर तें मोठें जंक्शन झालें. वर्धा जंक्शनच्या बाहेर उभे असलेले जुने सिग्नल ज्यांनीं पाहिले असतील त्यांस आठवेल, कीं दिवसा सिग्नलचा हात आडवा असला म्हणजे गाडीनें थांबावयाचें आणि खालीं झुकला म्हणजे पुढें जावयाचें. तेथें रंग न ओळखणारासहि हाताची ठेवण पाहून अर्थ कळे. रात्रीं हात दिसत नाहीं. अंधारांत दिसतो तो एकच दिवा, आणि त्याच्यापुढें तांबडी कांच आली आहे कीं हिरवी, यावर शेंकडों माणसांचें जगणें-मरणें अवलंबून. रंगाखेरीज दुसरी खूणच नसल्यामुळें एंजिन-ड्रायव्हरास रंग ओळखतां आलेच पाहिजेत, हें निर्विवाद आहे.

या कसोटीचा जन्म युरोपांत झाला. १८७५ च्या नोव्हेंबरांत स्वीडनमध्यें लागेरलुंदा येथें दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसें दगावलीं. उप्साला विद्यापीठांतील शरीरशास्त्राचे अध्यापक होल्मग्रेन यांनीं या अपघातामागें रंगांधता असावी असा तर्क केला. ड्रायव्हर स्वतः मेलेला असल्यामुळें त्याचे डोळे तपासण्याची सोय नव्हती. होल्मग्रेन यांनीं रंगीत लोंकरीच्या लडी घेतल्या आणि रेल्वेच्या २६६ नोकरांस त्या रंगवार निवडावयास सांगितल्या. त्यांत १३ जण रंगांध निघाले. या तेरांपैकीं बहुतेकांस आपल्यांत कांहीं उणें आहे याचा पत्ताहि नसावा, कारण जन्मापासून जो रंग दिसलाच नाहीं त्याची उणीव भासणार कशी? इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डाल्टन यालाहि आपली रंगांधता पंचविशीनंतर उमगली, आणि १७९४ सालीं त्यानें तिच्यावर निबंध वाचला. त्याच्या जपून ठेवलेल्या डोळ्याची तपासणी १९९५ मध्यें होऊन विकाराचा नेमका प्रकारहि निश्चित झाला. होल्मग्रेन यांच्या लोंकरीच्या लडी जगभर पसरल्या. त्यांच्यामागून १९१७ सालीं जपानांतील इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या पाट्या आल्या, ज्या आजहि नेत्रवैद्याच्या टेबलावर असतात. गंमत अशी, कीं अलीकडे संशोधकांनीं लागेरलुंद्याचे कागद पुन्हा चाळले, तेव्हां तो अपघात रंगांधतेनेंच झाला यास सबळ पुरावा नाहीं असें त्यांस आढळून आलें.

रस्त्यावरची स्थिति निराळी. चौकांतील खांबावर तीन दिवे एकाखालीं एक असतात आणि तांबडा नेहमीं वरचा असतो. रंगांध माणूस रंग ओळखीत नसला तरी वरचा दिवा लागला आहे कीं खालचा, हें त्याला दिसतें. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरीं सुमारें आठांस ही उणीव असते; स्त्रियांत ती दोनशांत एखादीस. इतक्या माणसांनीं रस्ते सोडावेत अशी कल्पना त्या देशांतील कायद्यानेंहि सहसा केली नाहीं. मात्र दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कांहीं प्रकारच्या रंगांधांस तांबडा प्रकाश मुळांतच मंद दिसतो, आणि पावसाळ्या रात्रीं पुढच्या मालमोटारीचे मागील दिवे हीच काय ती खूण असते. सबब सगळीच रंगांधता निरुपद्रवी असें म्हणणेंहि सत्यास सोडून होईल. किती आहे, कोणत्या जातीची आहे, आणि चालवावयाचें वाहन कोणतें, हे प्रश्न विचारावयास हवे होते. १९३९ च्या कायद्यानें ते विचारले नाहींत.

मग परवाना नाकारला गेलेला वर्ध्याचा एखादा ड्रायव्हर त्या काळीं कोठें जाई? कायद्यानें तीस दिवसांच्या आंत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करण्याची सोय दिली होती. म्हणजे एका सरकारी अधिकाऱ्याविरुद्ध दुसऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे. नागपुरास १९३६ पासून हायकोर्ट होतें खरें, परंतु सरकारी अधिकाऱ्यास 'तुझा हुकूम बेकायदा आहे, तो मागें घे' असें फर्मावणारें रिट काढण्याची शक्ति त्या कोर्टास नव्हती. ती कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन जुन्या हायकोर्टांपुरतीच, आणि तीहि मुख्यतः त्या त्या शहराच्या हद्दींत, मर्यादित होती. दिवाणी दाव्याचा लांबलचक रस्ता सोडला, तर वर्ध्याच्या माणसाला न्यायासनाचें दार जवळजवळ बंदच होतें. मुंबई शहरांतील माणूस जें मागूं शकत होता तें सेवाग्रामशेजारच्या माणसास मागतां येत नव्हतें!

हें दार २६ जानेवारी १९५० रोजीं उघडलें. राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदानें देशांतील प्रत्येक हायकोर्टास रिट काढण्याचा अधिकार दिला. १४ व्या अनुच्छेदानें समतेची आणि १९ व्या अनुच्छेदानें धंदा-व्यवसायाच्या स्वातंत्र्याची ग्वाही दिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं वर्धा जिल्हा मुंबई राज्यांत आला आणि नागपूरचें कोर्ट मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ झालें. वर्ध्याचा अर्जदार आजहि त्याच पायऱ्या चढतो.

हायकोर्ट अशा प्रकरणांत काय करतें, याविषयीं सुशिक्षितांतहि बराच गैरसमज असतो. न्यायाधीश स्वतः डोळे तपासत नाहींत, आणि वैद्यानें 'याला दिसत नाहीं' म्हटलें असतां 'दिसतें' असा निवाडा ते देत नाहींत. ते पाहतात तें इतकेंच, कीं अधिकाऱ्यानें कायद्यानें सांगितलेला प्रश्न विचारला कीं भलताच. नकाराचीं कारणें लेखी दिलीं कीं नाहीं. आणि अर्जदाराचें म्हणणें ऐकून घेतलें कीं नाहीं. दाखल्यांत परस्परविरोध असला तर ते वैद्यकीय मंडळाकडे फेरतपासणीसाठीं पाठवूं शकतात. कारणांचा लेखी कागद हाच अर्जदाराच्या हातांतील खरा आधार असतो. खिडकीवर तोंडीं मिळालेल्या नकाराविरुद्ध भांडणें म्हणजे वाऱ्याशीं झगडणें होय.

१९३९ चा कायदा जाऊन १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला. या नव्या कायद्यांतून दुखण्यांची ती जुनी अनुसूची नाहींशी झाली. अर्जदाराचा रोग वा व्यंग असें आहे काय, कीं त्यानें वाहन चालविणें लोकांस अथवा उतारूंस धोक्याचें व्हावें, एवढाच प्रश्न आठव्या कलमांत उरला. सतराव्या कलमानें नकाराचीं कारणें लेखी देण्याचें बंधन घातलें आणि तीस दिवसांच्या अपिलाची सोय कायम ठेविली. सोळाव्या कलमानें, चालूं परवानाहि आजाराच्या कारणानें रद्द करण्याचा अधिकार अधिकाऱ्यास दिला. वाचणारास वाटावें कीं आतां नांवाचें राज्य संपलें. पण सरकारी दप्तरांत कांहींच सहजासहजीं मरत नाहीं. कायद्यांतून निघालेली यादी अर्जाच्या नमुन्यांत जाऊन बसली. मिरगी आहे काय, तांबडा-हिरवा ओळखतां काय, भोंगा ऐकूं येतो काय, हे प्रश्न तेथें होतेच, आणि प्रतिकूल उत्तराच्या पुढें कारकुनाची लेखणी बहुधा थांबत असे.

ही अडचण प्रथम मोठ्या प्रमाणावर न्यायालयांत नेली ती बहिऱ्यांनीं. बधिरांच्या राष्ट्रीय संघानें दिल्ली हायकोर्टांत अर्ज केला, आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजीं त्याचा निकाल लागला. न्यायालयानें 'बहिऱ्यांना परवाने द्या' असा सरसकट हुकूम दिला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यानें म्हटलें तें थोडक्यांत असें: बहिरा माणूस अर्ज करतो, तर त्याची परीक्षा घ्या, तो उतरला तर परवाना द्या, केवळ बहिरा आहे म्हणून त्याला परीक्षेच्या दाराशींच अडवूं नका. पुढें २०१६ मध्यें केंद्र सरकारच्या परिवहन खात्यानेंहि वैद्यकीय तज्ज्ञांचा सल्ला घेऊन, मोटार चालविणें हें मुख्यतः डोळ्यांचें काम आहे अशा अर्थाचा खुलासा राज्यांस पाठविला. खिडक्यांच्या कांचा बंद करून, गाणें लावून मोटार हांकणारा धडधाकट मनुष्य भोंगा कितपत ऐकतो, हेंहि एकदा तपासावयास हरकत नव्हती!

रंगांधांची पाळी त्यानंतर आली. २४ जून २०२० रोजीं केंद्र सरकारनें नियमांतील नमुने बदलले आणि सौम्य व मध्यम रंगांधतेच्या माणसांस परवान्याची वाट मोकळी केली. तीव्र रंगांधतेवरील प्रतिबंध तेवढा ठेविला. 'किती' हा शब्द अखेर नमुन्यांत आला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा वाद याच सुमाराचा आहे. चित्रपट-संकलनाच्या अभ्यासक्रमासाठीं २०१५ मध्यें निवडलेला एक उमेदवार रंगांध ठरून वगळला गेला, मुंबई हायकोर्टांत त्याची डाळ शिजली नाहीं, आणि एप्रिल २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति कौल व सुंदरेश यांनीं तज्ज्ञांची समिति नेमून मिळविलेल्या अभिप्रायानंतर रंगांधांस तेथील अभ्यासक्रम खुले केले. तो खटला परवान्याचा नव्हे, परंतु विचाराची दिशा तीच.

सर्वांत कठीण प्रश्न अपस्माराचा. येथें भावनेनें निर्णय देणें धोक्याचें आहे. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जाणारी मोटार अर्ध्या मिनिटांत आठशें मीटरहून अधिक अंतर तोडते. हिंगणघाटावरून जाणाऱ्या हमरस्त्यावर चालकाची शुद्ध तेवढाच वेळ हरपली तर काय होईल, हें सांगावयास वैद्य नको. इंग्लंडांत डेव्हन परगण्याच्या कौन्सिलचा एक खटला १९६७ च्या निवाड्यांच्या संग्रहांत आहे. अर्जदारास औषधांमुळें झटके येत नव्हते. तेव्हां आपणांस हा रोग 'आहे' असें म्हणतां येणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. वरच्या न्यायालयानें तें मानलें नाहीं. औषध घेतल्यामुळेंच झटका टळत असेल, तर रोग गेला नसून दबला आहे, असा कौल पडला. कायद्याच्या अक्षराप्रमाणें तो बरोबर होता. पण म्हणूनच अक्षर बदलावें लागलें. १९७० पासून ब्रिटननें, ठराविक वर्षें झटक्याविना गेलीं असल्यास परवाना देण्यास आरंभ केला. प्रथम तीन वर्षें, पुढें दोन, आणि १९९४ पासून साध्या मोटारीसाठीं एक वर्ष. मोठ्या वाहनांसाठीं मात्र औषधावांचून दहा वर्षें. रोगाच्या नांवाच्या जागीं कालाचें माप आलें.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं याहून पुढचें पाऊल टाकलें. ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील खाणीवरच्या एका ट्रकचालकास पक्षाघाताच्या झटक्यानंतर दोन्ही डोळ्यांनीं डाव्या बाजूचें जवळजवळ दिसेनासें झालें. इतर दृष्टिदोषांच्या माणसांस वैयक्तिक परीक्षेची सवलत होती. या एका दोषास ती नव्हती. न्यायालयानें निवाडा दिला तो असा, कीं हा मनुष्य सुरक्षितपणें चालवूं शकतोच असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु तें पाहिल्यावांचून त्यास नाकारणें अन्यायाचें आहे. निवाडा झाला तेव्हां अर्जदार हयात नव्हता.

आपल्याकडे अपस्माराचा प्रश्न अजून अर्जाच्या नमुन्यांत जसाच्या तसा आहे. हिंदु विवाहाच्या कायद्यांत विवाहास आड येणाऱ्या गोष्टींत हा रोग नोंदलेला होता, तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आला. म्हणजे मिरगी असलेल्या माणसानें संसाराचा गाडा हांकावा यास कायद्याची हरकत राहिली नाहीं. मोटारीविषयीं मात्र, शेवटचा झटका येऊन दहा महिने झाले कीं दहा वर्षें, हें विचारण्याची सोय कायद्यानें केलेली नाहीं. या अवस्थेचा परिणाम उलटाच होण्याचा संभव असतो. खरें सांगितलें तर परवाना कायमचा जातो हें दिसल्यावर माणूस खरें सांगत नाहीं, वैद्यापासूनहि लपवितो, आणि औषध चुकवून तोच चाकामागें बसतो. रस्ता सुरक्षित व्हावा म्हणून घातलेली अट रस्त्यास अधिक धोक्याची ठरते ती अशी.

पगारी चालकाच्या बाबतींत परवाना गेला म्हणजे केवळ फिरावयाची हौस जात नाहीं, चूल विझते. राजस्थानच्या राज्य परिवहन महामंडळांतील कांहीं चालकांची दृष्टि नोकरी करतां करतां मंदावली, आणि त्यांस कामावरून कमी करण्यांत आलें. १९९१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असें मानलें, कीं वर्षानुवर्षें उन्हाच्या तिरिपींत आणि रात्रीच्या झोतांत गाडी चालविणाराचे डोळे अधू होणें हा त्या धंद्याचाच धोका आहे. त्यास दुसरें काम द्यावें, आणि तें नसेल तर नेहमींच्या देण्याव्यतिरिक्त भरपाई द्यावी. वैशाखांत वर्ध्याहून आर्वी-पुलगांवकडे एस्. टी. नेणाऱ्या कोणाहि चालकास हें पटवून देण्याची आवश्यकता नाहीं. पुढें १९९५ च्या आणि २०१६ च्या अपंगांविषयींच्या कायद्यांनीं, नोकरींत असतां अपंगत्व आलेल्या माणसास काढूं नये, असा स्पष्ट नियमच केला. स्टिअरिंग त्याच्या हातून काढून घ्या, भाकर काढून घेऊं नका, असा याचा अर्थ.

तरी नियम पुस्तकांत असणें आणि डेपोंत असणें यांत अंतर राहतेंच. शेजारच्या तेलंगणांत २०१४ मध्यें एस्. टी. चालक म्हणून नेमलेला एक मनुष्य नंतरच्या तपासणींत रंगांध आढळला. त्यानें दुसरें काम मागितलें. जुन्या प्रांतांतील महामंडळ आणि कामगार यांच्यांत १९७९ सालींच असा करार झालेला होता, कीं रंगांध ठरलेल्या चालकास दुसरें काम द्यावें. तरी जानेवारी २०१६ मध्यें त्यास घरीं बसविण्यांत आलें. तो हायकोर्टांत गेला, तेथें एकदा जिंकला, अपिलांत हरला, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला. १ ऑगस्ट २०२५ रोजीं न्यायमूर्ति माहेश्वरी व अरविंद कुमार यांनीं हुकूम केला, कीं त्यास आठ आठवड्यांच्या आंत, चालकाच्या वेतनश्रेणींतच, त्याच्या प्रकृतीस झेपेल अशा जागीं घ्यावें. साडेनऊ वर्षांच्या थकलेल्या वेतनापैकीं त्यास मिळावयाचा होता तो चौथा हिस्सा.